इम्प्लांटनंतरचं जेवण: मऊ भातापासून भाकरीपर्यंत

इम्प्लांटवर, म्हणजे गेलेल्या दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, कॅप बसवून तीन आठवडे झाले होते. रविवार दुपार, वरणभात, उजव्या बाजूने निर्धास्त चावत होते, आणि कानात 'कच्च' असा आवाज आला. भातात खडा. दुखलं नाही, कळ गेली नाही, नुसता आवाज. घास काढून पाहिला तर खड्याचे दोन तुकडे झालेले. माझ्या खऱ्या दाढेने तो फुटायच्या आधीच ओळखला असता आणि जबडा आपोआप थांबला असता. ही नवी दाढ मात्र त्याला पोळीच्या तुकड्यासारखी भिडली.

दुसऱ्या दिवशी घाबरत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कॅप हलवून पाहिली, एक्स-रे काढला आणि म्हणाले, "काकू, दाढ ठणठणीत आहे. तिला फक्त जाणीव कमी आहे. तांदूळ आता जरा नीट निवडा."

इम्प्लांट कसा बसवतात, किती टिकतो, किती पैसे लागतात, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. जेवायचं कसं, याबद्दल मात्र हातात एक छापील कागद पडतो आणि त्यावर 'सॉफ्ट डाएट' असं लिहिलेलं असतं. आपल्या घरात सॉफ्ट डाएट म्हणजे नक्की काय? वरणावर फोडणी घालायची की नाही? ज्वारीची भाकरी कधी? उपास असेल तर? माझ्या खालच्या दोन दाढा आणि आईची खालची कवळी, अशा दोन अनुभवांतून जे कळलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. गोळ्या-औषधांचं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. माझं सांगणं ताटापुरतं.

तोंडात नेमकं काय बसतं

तीन तुकडे असतात. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्याच्यावरचा जोड, ज्याला अबटमेंट म्हणतात, आणि वर दिसणारी कॅप. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५२ च्या सुमारास, तेही दातांचा विचार डोक्यात नसताना. रक्तपुरवठा पाहण्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं प्रयोग संपल्यावर निघेचनात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर त्यावरच्या दातांनीच जेवत होता.

हाडाने स्क्रू धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण ३-४ महिने, वरच्या जबड्यात तिथलं हाड भुसभुशीत असल्यामुळे ४ ते ६. या काळात स्क्रू वारंवार हलला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होतात आणि तो सुटतो. पहिल्या महिन्यांतल्या खाण्याच्या पथ्याचं खरं कारण हे आहे. जखम तर दोन आठवड्यांत वरून बरी दिसायला लागते, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात.

आता खड्याचं कोडं. खऱ्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं. दात त्यात किंचित दबतो, आणि किती जोर पडला याची खबर तिथल्या नसा देतात. खऱ्या दातांना वीसेक मायक्रॉनची जाडीही कळते, म्हणजे केसाहून बारीक. इम्प्लांटला हे अस्तरच नाही, तो थेट हाडात रुतलेला. त्यामुळे जाणीव बोथट असते आणि जी येते ती हाडातून, स्नायूंतून आणि कानातून. महिने जातात तसा मेंदू या नव्या खबरीशी जुळवून घेतो, पण खऱ्या दाताची बरोबरी होत नाही. सावकाश चावायला शिकणं हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

पायरी पहिली: हो म्हणण्याआधी

मी दाढ काढल्यावर चार वर्षं काहीच केलं नाही. एका बाजूने जेवण चाललं होतं, मग घाई कसली? दरम्यान दोन गोष्टी झाल्या. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते. तसं झालं आणि हाडाची भर घालावी लागली. शिवाय समोरची वरची दाढ, खालून आधार नाही म्हटल्यावर, हळूहळू खाली उतरली. ती घासून कमी केली तेव्हा कुठे नव्या कॅपला जागा झाली. दोन्हीचा खर्च वेगळा.

डॉक्टर तीनमितीय स्कॅन काढायला सांगतील, त्याला सीबीसीटी म्हणतात. हाडाची उंची, जाडी आणि खालच्या जबड्यातली नस कुठून जाते हे त्यात दिसतं. मी आधी एका ठिकाणी गेले होते, तिथे साध्या एक्स-रेवर 'उद्याच बसवू' म्हणाले. मी उठून आले.

तुमच्याकडून सांगायच्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, आधी तपासून घ्या. ती सातच्या आसपास असली तर डॉक्टर निश्चिंत असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एक गोळी, सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर ते तर न विसरता सांगा, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. बायका हे हमखास विसरतात. आठवड्याची गोळी आपल्याला औषध वाटतच नाही.

तसंच मिश्रीचं. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आमच्या गावाकडच्या कितीतरी बायका मनापासून "नाही" म्हणतात, कारण मिश्री हे त्यांच्या लेखी मंजन असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती, विडी-सिगरेट, गुटखा यांनी हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरायला अडचण येते. सुपारीची जुनी सवय असेल तर आणखी एक गोष्ट घरीच पाहा: तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर तोंड पुरतं उघडत नाही, आणि मागच्या दाढेपर्यंत अवजार पोचणंच कठीण होतं. इम्प्लांट बाजूला राहू दे, आधी तेच दाखवा.

पैशांबद्दल थोडक्यात. एका दाताचा कॅपसकट खर्च सध्या साधारण २५-३० हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत जातो. शहर, कंपनी आणि कॅपचा प्रकार यावर ठरतं. स्कॅन, हाडाची भर, सायनसजवळचं (वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात असलेल्या पोकळीजवळचं) काम हे त्यात धरलंय का, ते विचारा. नेहमीच्या आरोग्य विम्यात हे सहसा बसत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईत नायरच्या दंत महाविद्यालयात चौकशी करून पाहायला हरकत नाही. खेपा जास्त पडतात, फी कमी पडते.

आणि तारीख. ती पंचांग पाहून घेऊ नका, फराळ पाहून घ्या. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे, घरातलं लग्न, संक्रांतीचे तिळगूळ, हुरड्याचे दिवस टाळा. मी श्रावणात घेतली आणि चुकले. सोमवारचा उपास, रिकाम्या पोटी गोळ्या, आणि उपासाला चालतं ते बघा: साबुदाणा, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याचं कूट, राजगिरा. सगळं नेमकं बारीक दाण्यांचं, टाक्यांत जाऊन बसणारं. त्या सोमवारी ताक आणि उकडलेल्या रताळ्याच्या लगद्यावर दिवस काढला. आई म्हणाली, उपास देवासाठी असतो, दाढेसाठी नसतो, सोड. पुढचे दोन सोमवार सोडले.

पायरी दुसरी: आदल्या दिवशी स्वयंपाकघरात

दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभं राहायची इच्छा होणार नाही. म्हणून आदल्या रात्री दही विरजून ठेवा. मुगाची डाळ शिजवून, घोटून, गाळून फ्रीजमध्ये. नाचणीचं पीठ हाताशी. केळी पिकलेली. बर्फाचा ट्रे भरलेला. दोन उशा, कारण पहिल्या रात्री डोकं थोडं उंच ठेवून झोपलं की सूज कमी राहते. स्क्रू बसवायला जाताना डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं नसेल तर पोटभर जेवून जा. तो पुढच्या कित्येक दिवसांतला शेवटचा धड घास असतो.

पायरी तिसरी: पहिले ४८ तास

बधिरपणा उतरायला दोन-चार तास लागतात. तोवर काही खाऊ नका; भूक लागली तरी. ओठ-गाल-जीभ बधिर असताना चावलं तर स्वतःचाच गाल चावला जातो आणि गरम किती आहे तेही कळत नाही. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही ओठावर, हनुवटीवर तसाच असेल तर वाट पाहू नका, फोन करा. नसेवर दाब आलेला असू शकतो.

पहिल्या दिवशी चुळा भरायच्या नाहीत, जोरात थुंकायचं नाही आणि स्ट्रॉने काही ओढायचं नाही. या तिन्हींनी जखमेवरची रक्ताची गुठळी निसटते. शहाळं आवडतं म्हणून तिथल्या तिथे स्ट्रॉ लावू नका; पेल्यात ओतून घ्या. बाहेरून गालावर बर्फ, पंधरा-वीस मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत सूज वाढते आणि मग उतरते. दुसऱ्या दिवशी आरशात बघून मी हादरले होते, पण ते अपेक्षितच होतं.

खायला: गार किंवा कोमट, आणि चावायची गरज नसलेलं. ताक, दही, गाळलेलं मुगाचं कढण, नाचणीची पातळ आंबील, कस्टर्ड, मऊ केळं चमच्याने. कडक चहा पहिल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी कोमट करून प्या. मला चहाशिवाय डोकं उठतं, तेव्हा बशीत ओतून, आजोबांसारखा फुंकर न घालता, निवू देऊन प्यायले.

वरच्या मागच्या दाढेचं काम असेल आणि सायनसचं अस्तर वर उचलावं लागलं असेल तर साधारण दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक दाबू नका; तोंड उघडं ठेवून येऊ द्या. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख, बासरी, नातवाचे फुगे, सगळं या काळात बंद. पहिले काही दिवस व्यायामशाळाही नको.

पायरी चौथी: टाके निघेपर्यंत

टाके ७ ते १० दिवसांनी निघतात. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच खळखळून, पाणी तोंडातून आपोआप गळू द्यायचं. डॉक्टर बहुधा क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश देतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाने ते गडद होतात, आणि काही दिवस तोंडाची चव जाते. माझ्या तोंडाला आमटीची चवच लागेना, मीठ कमी पडलंय समजून मी त्यात दोनदा मीठ घातलं आणि घरातल्या सगळ्यांना ती खारट आमटी खावी लागली. डाग सफाईत निघतात, चव परत येते.

आता फोडणीकडे येते, कारण कागदावर ती कुणी लिहीत नाही. चौथ्या दिवशी मऊ भात आणि वरण खाल्लं. इतकं मऊ की चावावंच लागलं नाही. रात्री टाक्याजवळ टोचायला लागलं. आरसा, मोबाइलचा टॉर्च, आणि पाहते तर टाक्याच्या गाठीखाली मोहरीचा एक काळा दाणा अडकलेला. बोटाने, काडीने काढायचं नाही असं बजावलेलं. मिठाच्या पाण्याने चार वेळा खळखळल्यावर सुटला. त्या दिवसापासून टाके निघेपर्यंत आमच्याकडे दोन पातेली होती: माझं वरण बिनफोडणीचं, नुसतं हिंग-हळद-तूप, आणि बाकीच्यांचं फोडणीचं. तुम्हाला अगदीच फिकं वाटत असेल तर तुपात जिरेपूड परतून घाला.

हाच नियम बारीक बियांच्या प्रत्येक गोष्टीला लावा. तीळ, खसखस, वांग्याच्या, टोमॅटोच्या, पेरूच्या बिया, अंजीर, स्ट्रॉबेरी, रवाळ शिरा. चिवडा-कुरमुरे-शेव तर प्रश्नच नाही. तिखट ठेचा जखमेवर काय करेल ते सांगायला नको.

खायचं काय, मग? गुरगुट्या भात, मुगाची मऊ खिचडी, दहीभात, दुधी किंवा लाल भोपळ्याची शिजवून घोटलेली भाजी, दलियाची लापशी, शेवयांची खीर, मऊ पनीर कुस्करून, अंड्याची बुर्जी मिरचीशिवाय. मासे खाणाऱ्यांनी पापलेटचा मधला गर घ्यावा, बारीक काट्यांचे मासे ठेवून द्यावेत. भाकरीशिवाय करमत नसेल तर ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात किंवा गाळलेल्या आमटीत पूर्ण भिजवून कुस्करा. दुसऱ्या बाजूने, हळू.

पायरी पाचवी: मधले महिने

हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. दुखत काही नाही, दिसत काही नाही, आणि दात अजून नाही. स्क्रू बसवलेल्या बाजूने कडक चावायचं नाही एवढंच लक्षात ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच विसरतं. कुठे कुठे त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत तात्पुरता दात लावून देतात. हाड चांगलं असेल, स्क्रू घट्ट बसला असेल तर ते करता येतं. पण दात दिसायला लागला म्हणजे हाडाने धरलं असं होत नाही. त्या दाताने निदान सहा-आठ आठवडे मऊच खायचं, तो हसण्याबोलण्यापुरता.

या महिन्यांत मला एक गोष्ट उशिरा कळली. मऊ जेवण म्हणजे आपल्याकडे बहुतेक भात, शिरा, खीर, केळं, बिस्किट बुडवलेला चहा. पोट भरतं, प्रथिनं पडत नाहीत आणि साखर वर जाते. माझ्या शेजारच्या काकांची, मधुमेह असलेल्यांची, पंधरवड्यात उपाशीपोटीची साखर इतकी चढली की त्यांच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. आणि वाढलेली साखर हिरडी भरायला आडवी येते, म्हणजे फेरा पूर्ण झाला. प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यात सहाच्या आसपास, पातळ वरणाच्या वाटीत त्याहून फार नाही. म्हणून प्रत्येक खाण्यात काहीतरी प्रथिनांचं घाला: वरण दाट करा, मुगाचं धिरडं मऊ काढून दह्यात भिजवा, पनीर किसून खिचडीत ढवळा, आंबिलीत साखरेऐवजी ताक घाला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी होणार असेल तर डोसबद्दल आधीच विचारून ठेवावं.

पायरी सहावी: कॅप बसल्यावर चावायला शिकणं

कॅप बसली त्या दिवशी मी घरी येताना शेंगदाणे घेतले. चार वर्षांची भूक होती. डॉक्टरांनी आधीच हेरलं असावं, कारण निघताना म्हणाले, "आज पोळी-भाजी खा, शेंगदाणे पुढच्या महिन्यात."

पहिल्या आठवड्यात मऊ पोळी, शिजलेली भाजी, इडली. घास लहान, दोन्ही बाजूंना थोडा थोडा. माझी जीभ चार वर्षं प्रत्येक घास डावीकडे ढकलत होती. उजवीकडे दाढ आली आहे हे तिला माहीतच नव्हतं. घास मुद्दाम उजवीकडे ठेवायचा, पाच-सात वेळा चावायचा, मग जिभेला हवं तिकडे जाऊ द्यायचं. असं रोज जेवताना पहिले चार-पाच घास. हसू येतं, पण पंधरा दिवसांत जीभ वळली.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताजी भाकरी, काकडीच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, मऊ शिजलेलं मटण. महिन्याभराने डाळिंब, भाजलेले शेंगदाणे, कोबीची कच्ची कोशिंबीर. मी पहिल्यांदा गाजर चावलं तेव्हा डोक्यात इतका मोठा आवाज झाला की टीव्ही ऐकू येईना. हाडातून येणारा तो आवाज पुढे विरतो.

हा टप्पा मुद्दाम करा, कारण तो आपोआप होत नाही. चावायची ताकद परत आली तरी लोक सवयीने मऊच खात राहतात, हे वारंवार दिसून आलंय. ज्याने दहा वर्षं पेरू सोडला, त्याला नवा दात आल्यावर पेरू आठवतच नाही. कागदावर लिहा, काय काय सोडलं होतं ते. माझ्या यादीत काकडी, गाजर, मोड आलेली मटकी, डाळिंब, भाकरीचा कडक काठ होता. दर आठवड्याला एक परत आणली.

काही गोष्टी कायमच्या सोडा. उसाचं कांडं दाताने सोलणं, अख्खी सुपारी, बदामाचं कवच, नळी फोडणं, बाटलीचं झाकण, दोरा तोडणं, बर्फ चावणं. कडक चिक्की आणि तिळगुळाची वडी दाताने मोडू नका. खलबत्त्यात ठेचा आणि तुकडा चघळा. पुढचा दात इम्प्लांटचा असेल तर कणसाचे दाणे सुरीने काढून खा. इम्प्लांट सहसा जागचा हलत नाही, पण वरच्या कॅपचा कपचा उडतो किंवा आतला छोटा स्क्रू सैल होतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री लावायचं गार्ड करून घ्या, त्याचा खर्च नव्या कॅपपेक्षा खूप कमी आहे.

रोजची सफाई, आणि फोन कधी करायचा

इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून तो विसरला जातो. पण त्याच्या भोवतालची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं, त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. या दाताला नस नसल्यामुळे सहसा ठणका लागत नाही, हाड मुकाट्याने झिजत जातं. ज्यांचे आधीचे दात हिरडीच्या आजाराने हलून पडले, त्यांना हा धोका जास्त.

मऊ ब्रश दोन वेळा, हिरडीच्या काठाशी तिरका धरून. फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा इवला ब्रश मिळतो. माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पालेभाजी, मटण आणि आंबा यांचे धागे इम्प्लांटशेजारच्या फटीत हमखास अडकतात. टूथपिक, सेफ्टी पिन, उदबत्तीची काडी यांना हात लावू नका. दर सहा महिन्यांनी तपासणी, मधूनमधून एक्स-रे. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल तर सिमेंटचा कण हिरडीखाली राहून सूज येऊ शकते. स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढून साफ करता येते. तुमची कुठली, ते विचारून ठेवा.

ब्रश करताना रक्त येणं, पू, घाण वास, कॅप हलल्यासारखी वाटणं, चावताना एकाएकी उंच लागणं, चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढणं, ताप: यातलं काहीही झालं तर घरगुती लवंग-हळद करत बसू नका. आणि इम्प्लांटची कंपनी, माप, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरला नेमका पाना लागतो, आणि तो कंपनीप्रमाणे बदलतो. एमआरआय करायची वेळ आली तरी हे कार्ड दाखवा.

आईची कवळी

माझं दोन दाढांचं प्रकरण. आईचे सगळेच दात गेलेले, वय ८१. वरची कवळी टाळूला धरून राहते, खालची मात्र जिभेवर तरंगते. पूर्ण कवळीने चावायची ताकद खऱ्या दातांच्या चौथाईच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. तिने पंगतीला बसणं सोडलं होतं. "तुम्ही घ्या जेवून, माझं होईल मागाहून," म्हणायची आणि स्वयंपाकघरात पाठ करून जेवायची. आम्हाला वाटायचं वयाने भूक कमी झाली. कवळी टकटक वाजते, बोलताना सुटते, घास खाली जाऊन टोचतो, याची लाज होती. फोनवरही ती कमी बोलायला लागली होती, हे नंतर जाणवलं.

तिला खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवले आणि त्यावर तिची कवळी अडकवली. खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी निदान एवढं तरी करावं, असं तज्ज्ञांनी २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या बैठकीत ठरवलं होतं. चार-सहा इम्प्लांटवर न निघणारे पक्के दातही बसवतात, पण खर्च आणि तिचं वय पाहता आम्हाला दोन पुरेसे वाटले. तिची साखर, रक्तदाब, हाडांची गोळी हे सगळं आधी तपासून घेतलं.

तिचं शिकणं माझ्याहून वेगळं होतं. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. भाकरी हाताने मोडून, दोन्ही बाजूंना एकाच वेळी थोडा थोडा घास, म्हणजे कवळी कलत नाही. 'स' आणि 'श' सुरुवातीला शिट्टीसारखे येत होते, तर रोज सकाळी ती हरिपाठ मोठ्याने म्हणायला लागली. दहा-बारा दिवसांत शिट्टी गेली. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवते आणि दोन्ही इम्प्लांटच्या मुंड्या मऊ ब्रशने पुसते. कवळी हिरडीवर टेकतेच, त्यामुळे तीळ, पेरूची बी अजूनही खाली जाते; जेवण झालं की काढून खळखळते.

महिन्याभराने माझ्या पुतण्याच्या मुंजीत ती पंगतीला बसली. जिलबीला हात लावला नाही, मठ्ठा मात्र दोनदा मागितला आणि शेजारणीशी पूर्ण वेळ बोलत होती.

कवळीच्या आत जे छोटे नायलॉनचे वॉशर असतात ते वर्षा-दीड वर्षात झिजतात आणि पकड ढिली होते. बदलायला पाच मिनिटं लागतात. आईच्या भाषेत ते परकराचं टिचबटण आहे. "टिचबटण सैल झालं गं," असं तिने सकाळी सांगितलं की मी दवाखान्याला फोन लावते, आणि ती साडी बदलून तयार बसते.